निशिगंधाचे कंद लावण्याआधी त्यांना मुळं कशी आणावीत?

निशिगंधाचे कंद आणलेत, लावण्याआधी मुळं यावीत म्हणून ते दोन-तीन दिवस पाण्यात बुडवून ठेवू का, असं तुम्ही विचारलंय. नका ठेवू. कंदाला ओल हवी असते तशीच हवाही हवी असते. पाण्यात बुडालेल्या कंदाचा तळ मुळं यायच्या आतच मऊ पडतो आणि घाण वास मारायला लागतो. फारच सुकून आले असतील तर कोमट पाण्यात तासभर घाला, त्यापुढे नको.

आधी प्रत्येक कंद हातात घेऊन बघा. टणक असला पाहिजे. वरच्या टोकाला कोंबाची जागा आणि खाली चपटी, खरबरीत चकती दिसेल. मुळं त्या चकतीतूनच निघतात, तेव्हा वाळलेली जुनी मुळं कात्रीनं छाटा, पण चकती खरवडू नका. दोन सेंटिमीटरहून जाड कंदांना याच हंगामात फुलाचा दांडा येण्याची चांगली आशा असते. बारके कंद वेगळ्या वाफ्यात लावा, त्यांना वाढायला वेळ द्या.

विकणाऱ्याला एक जरूर विचारा: जमिनीतून कधी काढले? ताजे काढलेले कंद विश्रांतीत असतात, त्यांना कितीही ओल दाखवा, हलत नाहीत. ते सावलीत, वारं खेळेल अशा जागी महिनाभर पसरून ठेवा आणि मगच पुढचं काम करा. (बेळगावात कन्नड बोलणाऱ्या विक्रेत्याकडे ‘सुगंधराज’ म्हणून मागा, लगेच देतील.)

आता मुळांचं. बांबूची बुट्टी किंवा भोकांचा क्रेट घ्या. त्यात दोन-तीन बोटं जाड कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) किंवा धुतलेली जाड वाळू पसरा. खानापूरकडे असाल तर भाताचं तूस अर्धवट जाळून काळं करून त्यात मिसळा, पाणी साचत नाही. ओल किती? मूठभर घेऊन घट्ट दाबा: गोळा झाला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. याच एका गोष्टीवर सगळं ठरतं. कंद चकती खाली ठेवून निम्मेच दाबा, टोकं उघडी ठेवा. त्याआधी लिटरला दोन ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक घातलेल्या पाण्यात अर्धा तास बुडवून सावलीत निथळवले तर बुरशीची भीती कमी होते. हातमोजे घाला.

बुट्टी पडवीत किंवा सोप्यात ठेवा. ऊन नको, वळवाचे शिंतोडेही नकोत, ऊब मात्र हवी. निशिगंध मूळचा मेक्सिकोचा, त्याला एप्रिलची हवा मानवते. फ्रिजमध्ये अजिबात ठेवू नका. तो उपाय ट्युलिप आणि हायसिंथचा, त्यांना कित्येक आठवडे थंडी लागते.

साधारण दोन-तीन आठवड्यांत चकतीच्या कडेनं पांढरी टोकं दिसतील. अर्धा सेंटिमीटर झाली की लगेच लावा, लांब वाढू दिलीत तर लावताना तुटतात.

हा सगळा खटाटोप आपल्या बेळगाव भागात मला फार गरजेचा वाटतो, कारण मिरगाचा पाऊस. एकदा तो लागला की बिनमुळ्याचा कंद चिखलात नुसता बसून राहतो आणि सडतो. मुळं धरलेला कंद मेच्या पहिल्या पंधरवड्यात जमिनीत गेला, की पाऊस येईपर्यंत तो पानांवर आलेला असतो. चिकोडी-निपाणीच्या काळ्या जमिनीत तर सपाट वाफ्यात लावूच नका, वरंब्यावर लावा. खानापूरच्या तांबड्या मातीत पाणी लवकर निचरतं, तिथे शेणखत मात्र सढळ घाला. खोली पाच ते सात सेंटिमीटर, दोन कंदांत वीतभर अंतर. लावल्यावर एकदा भरपूर पाणी द्या, मग कोंब वर दिसेपर्यंत हात आखडता ठेवा.

काही कंद मागे राहतीलच. टणक असतील तर बुट्टीतच आणखी दोन आठवडे राहू द्या, घाई करून फेकू नका. मऊ पडलेला मात्र दिसल्या क्षणी आजूबाजूच्या कोकोपीटसकट काढून टाका, नाहीतर शेजारचे कंदही जातात.