"मी पुसतो" म्हणाली आणि वर्ग हसला

"मावशी, मिस्टरांची बदली झाली म्हणून जूनमध्ये कोल्हापूरहून मुलुंडला आलो. मुलगी नववीत, मुळातच लाजाळू. पहिल्याच आठवड्यात टीचरनी फळा कोण पुसतंय विचारलं तर ही म्हणाली 'मी पुसतो', आणि अख्खा वर्ग हसला. तेव्हापासून शाळेत तोंडच उघडत नाही. डबा अर्धा परत येतो. घरी आली की मोबाइलवर जुन्या मैत्रिणी. तिला परत आजीकडे पाठवू का?"
– एक आई, मुलुंड

अगं, पाठवू नको एवढ्यात. तू सगळं लाजाळूपणावर ढकलतेयस, पण मला वाटतं ती लाजत नाहीये, जपून बोलतेय. कोल्हापुरात मुली सर्रास 'मी येतो, मी जातो' म्हणतात, तिची आजी म्हणत असेल, तू पण म्हणत असशील, आणि इथे तेच तोंडातून निघालं की हसू. आता प्रत्येक वाक्य आधी मनात तपासायचं म्हटल्यावर कोण बोलेल? तिला सांग की हसणाऱ्या मुंबईच्या पोरी स्वतः 'मी आली', 'मी तिला बोलली' म्हणतात आणि त्यावर पुणेकर हसतात. आणि प्लीज, घरी तिची भाषा सुधारायला बसू नको.

मी स्वतः तेरा वर्षांची असताना कोकणातून गिरगावात आले, हेल काढून बोलायचे, वर्गातली पोरं माझी नक्कल करायची, आणि माझ्या आईने शाळेत येऊन सगळ्यांसमोर त्यांना झापलं. ते तर नकलेपेक्षा वाईट होतं. त्यामुळे क्लास टीचरना भेट जरूर, पण मुलीच्या मागे उभी राहून नाही, एकटी जा. फक्त दोन गोष्टी माग, एक म्हणजे बेंचवर शांत, बऱ्या स्वभावाची पार्टनर, आणि दुसरं, थोडे दिवस तिला उभं करून प्रश्न विचारू नका. "सगळ्यांनी हिच्याशी मैत्री करा हं" असलं काही जाहीर करू नका हेही सांगून ठेव, टीचर चांगल्या मनानेच करतात पण मूल मेल्याहून मेल्यासारखं होतं.

तिला गप्पा मारायला लावायच्या फंदात पडू नको, हाताला काम दे. चित्रं काढते का? एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांची तयारी बऱ्याच शाळांत चित्रकलेचे सर शाळा सुटल्यावर घेतात, आठ-दहा पोरं, सगळ्यांच्या माना खाली, आणि "जरा तो ब्रश दे ना" एवढ्यावर सुरुवात होते. नाहीतर खो-खो, लेझीम, काहीही. पन्नास-साठच्या वर्गात जे जमत नाही ते तिथे जमतं. आणि एक मैत्रीण झाली तरी भरपूर, ग्रुप नको मागूस. कोण तुमच्याच बाजूला राहतं, कोणाची बस सेम आहे, ते बघ, कारण शाळेपेक्षा येता-जाताच जास्त जुळतं.

जुन्या मैत्रिणींचे फोन तोडू नको, सध्या दिवसभरात तेवढ्याच वेळी ती मोकळं बोलतेय. फक्त रात्री जेवण झाल्यावर, आणि झोपेच्या आत संपव.

लक्ष मात्र ठेव. शाळेच्या दिवशीच सकाळी पोट दुखतं, रविवारी नाही, झोप उडालीय, चिडवणं थांबतच नाहीये, असं काही आठवडे चाललं तर शाळेतल्या काउन्सेलरला भेट, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन कर, फुकट आहे. स्वतःला इजा करायचं नुसतं बोलली तरी थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरकडे.

आणि डब्याचं. अर्धा परत येतो म्हणजे भूक नाही असं नाही, बहुतेक एकटी बसून पटापट झाकण लावत असेल. मधल्या सुट्टीत पोरं एकमेकांच्या डब्यात हात घालतात, तेव्हा पोळी-भाजी मोजून देऊ नको, शेंगदाण्याची चटणी, तुमच्याकडचा कांदा-लसूण मसाला लावलेले चुरमुरे, असं काहीतरी चार जणींना पुरेल एवढं भर. तिखट जरा बेतानं, मुलुंडच्या पोरींना झेपायला पाहिजे.