कॉइल सतत ओढून काढते

प्रश्न : मुलगी ११ महिन्यांची. कॉक्लिअर इम्प्लान्ट (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवलेलं यंत्र) सुरू होऊन ३ आठवडे झाले. डोक्यावर चुंबकाने चिकटणारी त्याची बाहेरची चकती, म्हणजे कॉइल, ती सतत काढून टाकते. काय करावं?

उत्तर : ती नेमकी कधी काढते, ते आधी पाहा. आवाज होताच दचकून काढत असेल, तर मॅपिंगची, म्हणजे यंत्रात ठरवून दिलेल्या आवाजाची, पातळी जास्त असू शकते. ऑडिओलॉजिस्टना (श्रवणतज्ज्ञांना) लगेच कळवा. कॉइल आपोआप गळून पडत असेल, तर चुंबक कमी पडत असू शकतं. पण जास्त ताकदीचं चुंबक स्वतःहून बसवू नका, खालची त्वचा लाल होऊन जखम होऊ शकते. ती जागा रोज रात्री बघाच. नुसता चाळा असेल, तर पातळ टोपी किंवा हेअरबँड घाला आणि काढली की न रागावता परत लावा. जागेपणी पूर्ण वेळ यंत्र हवंच. बॅटरीच्या झाकणाचं लॉक मात्र तपासत जा : गिळलेला बटन सेल (बटणासारखी चपटी बॅटरी) २ तासांत अन्ननलिका भाजू शकतो. नुसती शंका आली तरी थेट रुग्णालय गाठा.