पहिलं पिल्लू आणि परभणीचा उन्हाळा

पिल्लू आणलंस, बरं झालं लेकरा. पण मे महिना त्याला आपल्यापेक्षा जड जातो. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ते थंड होतं. म्हणून फिरवणं पहाटे, नाहीतर दिवेलागणीनंतर. निघण्याआधी स्वतःचा तळहात रस्त्यावर टेकव. चटका सोसवला नाही तर त्याचे पंजेही पोळतील. पत्र्याखाली तर बांधूच नको.

गोचिडांना मात्र हलकं घेऊ नको. माझा काळू दोन दिवस भाकरीला तोंड लावेना, मी म्हटलं उन्हानं मलूल झालाय. कान उलटून पाहिला तर आत एरंडीच्या बियांएवढे फुगलेले गोचीड, आणि हिरड्या पांढऱ्याफटक! गोचीडताप निघाला. वाचला, पण मी उशीर केला ही टोचणी अजून आहे. तू रोज कान, काखा, बोटांच्या बेचक्या चाचपत जा. हिरडी बोटानं दाबून सोड. दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवी.

अंग १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असतंच, त्याला ताप समजून माणसाची गोळी देऊ नको. पार्व्होची, म्हणजे पिल्लांना उलट्या-हगवण लावणाऱ्या जीवघेण्या रोगाची, लस ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू होते, १६ आठवड्यांपर्यंत डोस चुकवू नको. रेबीजची तीन महिन्यांचं झालं की लगेच.