बुलेट घेऊ, वाँड घेऊ की ते हवेवालं? वाचकांचे प्रश्न

या वेळी एकाच विषयावरची पत्रं एकत्र घेतेय. क्लिटोरिससाठीची, म्हणजे योनीमुखाच्या वर जो नाजूक दाणा असतो त्याच्यासाठीची टॉइज, बाहेरून वापरायचे व्हायब्रेटर आणि त्यांचे सगळे भाऊबंद. नागपूरच्या बायका हे विचारतात, पण विचारायच्या आधी अर्धं पान माफी मागण्यात घालवतात, ती कृपया मागू नका. १९३४ मधे र. धों. कर्व्यांवर खटला झाला तोच मुळी आपल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून, आणि त्यांची बाजू मांडायला कोर्टात बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लोक विचारतायत तर उत्तर द्यायलाच हवं, हे बाबासाहेबांचं म्हणणं होतं. खटला हरले, पण मला ते म्हणणं आजही शंभर टक्के पटतं.

प्रश्न : ताई, मी ३४ वर्षांची, मनीष नगरला राहते, घरी सासूसासरे आणि एक मुलगा. नवऱ्यासोबत सगळं चांगलं आहे पण संबंधात माझं फार कमी वेळा होतं, स्वतः हाताने केलं तर मात्र होतं. स्वतःसाठी एक टॉय घ्यायचं ठरवलंय, नवऱ्याला सांगितलंय. पण ऑनलाइन बघायला गेलं की डोकं गरगरते, बुलेट, वाँड, सक्शन, रॅबिट, ते गुलाबाच्या फुलासारखं काहीतरी, कुणाला दहा मोड कुणाला वीस. एकदाच पैसे घालायचे आहेत, वापरलेलं परत घेत नाहीत म्हणे. इतके प्रकार काहून आहेत आणि माझ्यासाठी कोणतं?

उत्तर : हाताने होतं असं तुम्हीच लिहिलंय ना, मग उत्तर तिथूनच सुरू होतं. पुढच्या वेळी जरा लक्ष देऊन बघा की हात नेमकं काय करतो. एकच बोट एकाच जागी असतं की तीन-चार बोटं मिळून सगळ्या भागावर फिरतात? थेट टोकावर चालतं की तिथे हात लागला की अंग चोरता आणि बाजूने, वरच्या कातडीवरूनच बरं वाटतं? हलकं हवं की चांगलं दाबून? टॉय यावरून निवडायचं, मोड किती आहेत यावरून नाही.

प्रकार इतके का, तर क्लिटोरिस हा अवयवच बाहेरून दिसतो तेवढा नाही. दिसतं ते वाटाण्याएवढं टोक, बाकी सगळं आत, दोन्ही बाजूंना पसरलेलं. ऑस्ट्रेलियाच्या युरॉलॉजिस्ट हेलन ओकॉनेल यांनी १९९८ मधे हे नीट मांडलं, म्हणजे विचार करा, इतक्या उशिरा. आणि २०२२ मधे अमेरिकेत माणसाच्याच ऊतीवर मज्जातंतू मोजले तर ते दहा हजारांच्या वर निघाले, त्याआधी जो आठ हजारांचा आकडा सगळीकडे फिरायचा तो गाईगुरांवरच्या अभ्यासातून आलेला होता. तर कुणाला त्या टोकावरच नेमका स्पर्श लागतो, कुणाला आतल्या भागापर्यंत पोचणारा खोल दाब लागतो, दोन्ही अगदी नॉर्मल.

आता बुलेट. लिपस्टिकएवढं, एका जागी नेमकं लावता येतं, एका बोटाने करणाऱ्यांना हे जमतं. पण मोटर छोटी असल्यामुळे बऱ्याच स्वस्त बुलेटची थरथर बारीक, झिणझिणणारी आणि कातडीच्या वरवरच राहते, काहींना ती पाच मिनिटांत नकोशी होते, मुंग्या येतात, खाज सुटल्यासारखं वाटतं. याउलट वाँड, मोठ्या गोल डोक्याचं, त्याची थरथर जाड आणि खोल असते, पिठाच्या गिरणीत उभं राहिलं की पायातून वर येते ना तशी. हिताची कंपनीने १९६८ मधे असं एक मसाजर आणलं होतं, विकलं पाठ-मान दुखण्यासाठी, पण बायकांनी त्याचा आपला उपयोग शोधून काढला आणि त्यावरूनच ही सगळी जात पुढे वाढली. दाबून, सगळ्या भागावर, कपड्यावरून सुद्धा चालेल असं ज्यांचं आहे त्यांना वाँड. तोटे सरळ आहेत, जड असतं, हात दुखतो, आवाज मोठा आणि लपवायला अवघड. छोटी वाँड मिळतात, ताकद थोडी कमी पण घरात माणसं असताना तीच बरी.

सक्शनवालं म्हणतात ते, गुलाबाचं फूल पण त्यातलंच, ते खरं तर ओढत बसत नाही. तोंडाशी एक छोटी वाटीसारखी जागा असते, ती क्लिटोरिसच्या टोकाभोवती बसवायची आणि आतली हवा भराभर पुढेमागे होते, दाब कमीजास्त होतो, टोकाला वस्तू लागतच नाही. जर्मनीत मिशाएल लेंके यांनी ही पद्धत काढली, २०१४ मधे वुमनायझर नावाने बाजारात आली, मग सगळ्यांनी आपापली काढली. थेट स्पर्श ज्यांना सहन होत नाही त्यांच्यातल्या अनेकींना हे फार आवडतं आणि अनेकींचं यानं खूप लवकर होतं. पण सगळ्यांना जमेलच असं नाही, हे जाहिरातीत कुणी सांगत नाही. वाटीचं तोंड आणि तुमचं शरीर जुळावं लागतं, कडा नीट टेकल्या नाहीत तर हवा निसटते, नुसती फरफर ऐकू येते आणि काहीच होत नाही, हललं की जागा सुटते. घेणार असाल तर वेगवेगळ्या मापाची दोन तोंडं सोबत येतात असं घ्या, आणि कडेला पाण्याचं ल्युब, म्हणजे ओलाव्यासाठीचं पाण्यावर आधारलेलं जेल, थेंबभर लावा, त्याने टेकतं चांगलं. हे फक्त बाहेरच, योनीच्या आत कधी लावायचं नाही, तिथे हवा जाऊ द्यायची नसते.

चौथा प्रकार जाहिरातीत कमी दिसतो आणि मला पहिल्यांदा घेणारीसाठी सगळ्यात बरा वाटतो, तो म्हणजे तळहातात मावणारं, किंचित वाकलेलं, मऊ सिलिकॉनचं. सपाट ठेवलं तर सगळ्या भागावर, टोक टेकवलं तर नेमकं, हातानं दाबलं की दाब वाढतो, हाताची सवय आहे त्यांना शिकावं लागत नाही. रॅबिट आत-बाहेर दोन्हीसाठी असतं, तुम्हाला बाहेरचंच हवंय तर त्याच्यात पैसे घालू नका.

तर तुमच्यासाठी : एकदाच घ्यायचंय आणि अजून खात्री नाही तर हे तळहातवालं. हात बघून कळलं की थेट स्पर्श नकोच वाटतो, तर हवेवालं. चांगला दाब लागतो, तर छोटी वाँड. मोड दहा असोत की वीस, बहुतेक जणी एकच सरळ चालणारी थरथर वापरतात, त्यामुळे बघायचं काय तर सगळ्यात खालची पायरी खरोखर हळू आहे का आणि पायऱ्या हळूहळू चढतात का.

वस्तू कशाची आहे हे मात्र किमतीइतकंच बघा. मेडिकल ग्रेड सिलिकॉन किंवा कडक एबीएस प्लास्टिक घ्या. जेली, टीपीई वगैरे मऊ रबरी माल सच्छिद्र असतो, कितीही धुतला तरी पूर्ण साफ होत नाही. डबा उघडल्याबरोबर रबराचा भपकारा आला किंवा बोटाला चिकचिक लागली तर अंगाला लावू नका. सिलिकॉनच्या टॉयला सिलिकॉनचं ल्युब लावलं तर वरचा थर खराब होऊ शकतो, पाण्याचंच वापरा. खोबरेल तेल नको, टॉयवरून ते नीट निघत नाही आणि पुढे कंडोम वापरणार असाल तर लॅटेक्स कमजोर करतं. वापरून झालं की कोमट पाणी आणि सौम्य साबण, मग पूर्ण वाळवून ठेवायचं. पाण्याखाली धुवायचं म्हणून आयपीएक्स ७ लिहिलेलं बघा, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतं.

आणि आपल्या गावाचं एक सांगते, मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा गच्चीखालच्या खोलीतलं पत्र्याचं कपाट तव्यासारखं तापतं, गाडीच्या डिक्कीचं तर विचारूच नका. टॉयमधे लिथियमची बॅटरी असते, ४५ च्या वर तिला चार्ज करायचं नसतं आणि तापलेल्या जागी ठेवली की ती लवकर मरते. खालच्या खणात, सुती पिशवीत ठेवा, संध्याकाळी कूलर सुरू झाल्यावर चार्ज करा. कूलर चालू असला की आवाजाचाही प्रश्न मिटतो, थंडीत मात्र घर शांत असतं तेव्हा रिव्ह्यूमधे आवाजाबद्दल काय लिहिलंय ते वाचूनच घ्या. बटणाला ट्रॅव्हल लॉक असेल तर फारच चांगलं, कपाटात आपोआप सुरू होत नाही.

कायद्याची भीती बऱ्याच जणींनी लिहिलीये. मार्च २०२४ मधे मुंबई हायकोर्टापुढे, म्हणजे ज्याचं खंडपीठ आपल्या सिव्हिल लाइन्सला आहे त्याच कोर्टापुढे, कस्टम्सने अडवलेल्या बॉडी मसाजरचं प्रकरण आलं होतं. याचा वापर लैंगिक सुखासाठी होऊ शकतो म्हणून ते अश्लील आणि आयातीला बंदी, असं कस्टम्सचं म्हणणं होतं, ते कोर्टाने मान्य केलं नाही. साधा मसाजर, पाकिटावर अश्लील चित्र नाही, असं घेताना घाबरायचं कारण नाही.

प्रश्न : नमस्कार, मी ५२ वर्षांची, धरमपेठ. पाळी जाऊन दोन वर्षं झाली. आधी सहज व्हायचं, आता हात लावला तरी काही जाणवतच नाही म्हणावं इतकं कमी. जास्त पॉवरवालं मशीन घेतलं तर फरक पडेल का? या वयात हे विचारणं बरं दिसते का माहीत नाही.

उत्तर : बरं दिसतं, आणि तुमच्या वयाच्या खूप बायकांना हेच होतं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, तिथला रक्तप्रवाह कमी होतो, कातडी पातळ आणि कोरडी होते, त्यामुळे जाणवायला वेळ लागतो. खोल थरथर असलेलं छोटं वाँड तुम्हाला उपयोगी पडू शकतं, पण एकदम फुल पॉवर नको, पातळ कातडीला त्याने आग होते. आधी भरपूर ल्युब, मग कपड्यावरून, सगळ्यात खालच्या पायरीवर, आणि घाई न करता.

पण मशीन मागवायच्या आधी एकदा स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, हे मी मनापासून सांगतेय. कोरडेपणासाठी तिथेच लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम असतं, ते तुम्हाला चालेल का हे त्या सांगतील. शुगर असेल तर ती तपासा, शुगरमुळेही नसा आणि रक्तप्रवाह मंदावतात. डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी सुद्धा असं होतं, पण गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. सतत खाज, पांढरे चट्टे असं काही असेल तर अजिबात थांबू नका, तो वेगळा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. बाहेर डॉक्टरांची फी जड वाटत असेल तर सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात किंवा मेयो हॉस्पिटलला स्त्रीरोगाची ओपीडी आहेच, लेडी डॉक्टर हव्यात असं स्पष्ट सांगा.

प्रश्न : मी ३८ वर्षांचा, सक्करदऱ्याहून लिहितोय. लग्नाला ११ वर्षं झाली. बायकोला वाढदिवसाला व्हायब्रेटर सरप्राइज द्यावं असं मनात आहे. संबंधाच्या वेळी दोघांना वापरता येईल असं कोणतं? आणि खरं सांगू का, मनात एक भीती पण आहे की मग माझी गरजच राहणार नाही.

उत्तर : भावा, सरप्राइज देऊ नकोस. तुझा हेतू चांगला आहे हे दिसतंय, पण डबा उघडून ती गप्प झाली तर वाढदिवसाच्या दिवशी दोघांनाही त्रास. आधी एखाद्या निवांत रात्री विचार, हो म्हणाली तर फोनवर दोघं मिळून बघा आणि निवडू दे तिलाच, वरच्या पत्रातलं उत्तर तिला वाचायला दे.

संबंधाच्या वेळी वापरायला हवेवालं सहसा जमत नाही, हललं की वाटी सुटते. वाँडचं डोकं दोघांच्या मधे अडचण करतं, बायको वर असेल तर जमतं. छोटं बुलेट किंवा बोटात घालायचं व्हायब्रेटर हे सगळ्यात सोपं आणि ते तिच्या हातात असू दे, तिला जागा माहीत आहे.

भीतीचं म्हणशील तर अमेरिकेत हजाराच्या वर बायकांचा एक सर्व्हे झाला, २०१७ मधे आला, त्यात नुसत्या आत जाण्याने होतं असं सांगणाऱ्या साधारण १८ टक्के होत्या, आणि क्लिटोरिसला स्पर्श झाल्याशिवाय होतच नाही म्हणणाऱ्या जवळजवळ ३७ टक्के. म्हणजे तुझ्यात काही कमी आहे असं नाही, शरीराची रचनाच तशी आहे. कुशीत घेणं, बोलणं, हसणं हे मशीन करत नाही आणि तुझ्या बायकोला ते तुझ्याकडूनच हवं असणार.

प्रश्न : ताई मी २३ वर्षांची, होस्टेलला राहते, लग्न झालं नाही. मैत्रिणी म्हणतात व्हायब्रेटरने सवय लागते, नंतर तिथलं सगळं सुन्न होतं आणि सील पण तुटतं. खरं आहे का? आणि रूम शेअर आहे तर काय घेऊ?

उत्तर : बाळा, सीलचं आधी मनातून काढून टाक. बाहेरून वापरायचं टॉय योनीच्या आत जातच नाही, आणि तो पडदा बघून कुणी काही ओळखू शकत नाही. २०१८ मधे जागतिक आरोग्य संघटनेने कौमार्य चाचणीला शास्त्रीय आधार नाही असं जाहीर केलं. आपल्या शेजारी सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजातले डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी हा भाग डॉक्टरांच्या अभ्यासक्रमातून काढायला लावण्यासाठी पाठपुरावा केला आणि २०१९ मधे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने तो काढला सुद्धा.

सुन्न होणं म्हणजे जास्त वेळ, जास्त पॉवरवर एकाच जागी धरलं तर थोडा वेळ बधिर वाटतं, थांबलं की परत येतं. २००९ च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात व्हायब्रेटर वापरणाऱ्या बायकांपैकी ७० टक्क्यांहून जास्त जणींनी असा कुठलाच त्रास कधी झाला नाही असं सांगितलं. सवयीचं म्हणशील तर एकाच पद्धतीची सवय होऊ शकते, मग दुसऱ्या प्रकाराने वेळ लागतो, म्हणून कधी हात, कधी टॉय असं चालू दे. दुखलं, आग झाली, रक्त आलं तर मात्र बंद कर आणि डॉक्टरांना दाखव.

शेअर रूममधे पातळ, चांगल्या कंपनीचं सिलिकॉन बुलेट घे, खालच्या पायरीवर आणि पांघरुणात आवाज फार जात नाही. रूममेट खोलीत असताना नको, ती घरी गेली की वापर. मैत्रिणीचं उसनं घेऊ नकोस आणि तुझं कुणाला देऊ नकोस, योनीतला ओलावा त्याला लागतो, तिथून इन्फेक्शन जाऊ शकतं. पार्सल बहुतेक वेळा साध्या खोक्यात येतं, तरी मागवायच्या आधी पाकिटावर काय लिहून पाठवतात ते विचारून घे आणि डिलिव्हरी वॉर्डनच्या टेबलावर न ठेवता थेट तुझ्या हातात घे.