वाचकांचे प्रश्न : ‘सा सीता’ म्हणजे दुपारचे बारा

गेल्या अंकात केनिया आणि टांझानिया येथील सफारीचे अनुभव वाचकांकडून मागवले होते, तेव्हा पाकिटांतून सिंहांची छायाचित्रे बाहेर पडतील असा माझा अंदाज होता. प्रत्यक्षात आलेल्या पत्रांत प्राण्यांइतकीच भाषेने केलेली फजिती आहे. याचे कारण असे की तिथली स्वाहिली भाषा मराठी कानाला परकी वाटत नाही. तिथे चहाला ‘चाय’, चपातीला ‘चपाती’, गाडीला ‘गारी’, दुकानाला ‘दुका’, विम्याला ‘बिमा’ आणि हिशेबाला ‘हेसाबू’ म्हणतात, आणि नेमका तिथेच आपला पाय घसरतो. अनोळखी शब्दाचा अर्थ आपण विचारून घेतो. ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दाचा विचारत नाही. नोकरीनिमित्त काही वर्षे टांझानियातील अरुशा येथे राहिलेल्या मलाही हे पुरेशी फजिती झाल्यावरच उमगले.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून गेल्या ऑगस्टमध्ये पत्नीसह मसाई मारा येथे गेलो होतो. निघण्यापूर्वी मी स्वाहिली आकडे पाठ केले होते, आणि सहाला ‘सीता’ म्हणतात हे एकदा ऐकल्यावर विसरणे शक्यच नव्हते. मारा नदी ओलांडणारे कळप पाहण्यासाठी लवकर निघायचे म्हणून मी आदल्या रात्री चालकाला ‘केशो, सा सीता’, म्हणजे उद्या सहा वाजता, असे सांगितले. त्याने दोनदा ‘सा सीता?’ असे विचारून मान डोलावली. सकाळी सहाला आम्ही स्वेटर घालून थंडीत उभे राहिलो, परंतु गाडीचा पत्ता नव्हता. अखेर साडेआठला तो निवांतपणे गाडी धूत असलेला सापडला. तोवर शेजारच्या तंबूतील मंडळी नदीवरचा सगळा थरार पाहत होती. चालकाचे म्हणणे असे की बाराची वेळ मीच दिली होती. चूक कोणाची?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : चूक तुमची आहे, पण ती अभ्यास केलेल्या माणसाची चूक आहे; ज्याने आकडे पाठच केले नाहीत तो इंग्रजीत ‘सिक्स’ म्हणाला असता आणि वेळेवर नदीवर पोहोचला असता. स्वाहिलीत दिवसाचे तास मध्यरात्रीपासून नव्हे, तर सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे ‘सा मोजा’, पहिला तास. (एकाला ‘मोजा’ म्हणतात, त्यामुळे आपल्याला कोणीतरी तास मोजायला सांगत आहे असे मराठी माणसाला वाटते, आणि या एका बाबतीत ते खरेही आहे.) त्या हिशेबाने ‘सा सीता’ म्हणजे सूर्योदयानंतरचा सहावा तास, अर्थात दुपारचे बारा. तुम्हाला हवे असलेले सकाळचे सहा म्हणजे ‘सा कुमी ना म्बिली’, शब्दशः दहा आणि दोन, बारावा तास. घड्याळ आपल्यासारखेच असते आणि काटेही आपल्यासारखेच फिरतात. फक्त काटा सहावर असताना माणूस तोंडाने बारा म्हणतो.

हे विचित्र वाटत असेल तर आपल्या घरातील जुने पंचांग उघडून पाहावे. सूर्योदयापासून मोजलेल्या साठ घटका, प्रत्येक घटका चोवीस मिनिटांची, हाच आपल्याकडचाही हिशेब होता. फरक एवढाच की मुंबईत वर्षभरात सूर्योदयाची वेळ सुमारे सव्वा तास पुढेमागे होते, तर विषुववृत्तालगत ती जेमतेम अर्धा तास सरकते. त्यामुळे तिथे सूर्यावर विसंबून ठेवलेले घड्याळ बाराही महिने चालते. तुमच्या वाक्याला ‘असुबुही’, म्हणजे सकाळी, एवढी जोड असती तर ‘सकाळचे बारा’ ऐकून चालक निश्चित थबकला असता. त्याने दोनदा विचारले यावरूनच त्याच्या मनात शंका आली होती, पण पाहुण्याला खोडून काढणे त्याला प्रशस्त वाटले नसावे. पुढच्या वेळी वेळ इंग्रजीत सांगा, किंवा मनगटावरचे घड्याळ पुढे करून काटा कुठे असावा ते बोटाने दाखवा.

राहिला नदीचा प्रश्न. सेरेंगेटी आणि मारा यांच्या दरम्यान पावसामागोमाग फिरणाऱ्या वाइल्डबीस्ट या मोठ्या हरणासारख्या प्राण्याची, म्हणजे स्वाहिलीतल्या ‘न्युम्बू’ची, संख्या दहा लाखांहून अधिक आहे आणि साधारणपणे जुलै ते ऑक्टोबर या काळात ते माराच्या बाजूला असतात. मात्र नदी ओलांडण्याचे कोणतेही वेळापत्रक ते पाळत नाहीत. हजारो जनावरे काठावर येऊन तासन्‌तास ताटकळतात, पुढचे एखादे पाण्याला तोंड लावून बिचकते आणि त्याच्यामागे अख्खा कळप धूळ उडवत परत फिरतो. सहाला पोहोचूनही संध्याकाळपर्यंत काही न पाहता परतलेले पुष्कळ लोक मी पाहिले आहेत. काठावर असताना चालक ‘मांबा’ म्हणाला तर मात्र साप शोधू नका. स्वाहिलीत मांबा म्हणजे मगर, आणि तिला पाण्यातच पाहावे.

प्रश्न : अरुशाजवळच्या मुक्कामी जेवण वाढणाऱ्या तरुणाला मी सवयीने ‘दादा, जरा पाणी’ अशी हाक मारली, तेव्हा त्याचे सहकारी हसून लोटपोट झाले. आमच्या साठीच्या चालकाला ‘काका’ म्हटले तेव्हा तो खूश झाला, पण तोही हसलाच. माझ्या यजमानांनी तर ‘सीसी महिंदी’, म्हणजे आम्ही भारतीय, अशी ओळख करून दिल्यावर स्वयंपाकघरातून लोक बाहेर येऊन आम्हाला पाहू लागले. आमचे नेमके काय चुकले?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : आपण त्या तरुणाला ताई म्हणालात. स्वाहिलीत ‘दादा’ म्हणजे बहीण आणि ‘काका’ म्हणजे भाऊ, त्यामुळे साठीच्या गृहस्थाला आपण भाऊराया केलेत; त्यात अपमान काहीच नाही, म्हणून तो खूश झाला. ‘बाबा’ तिथेही वडीलच, परंतु ‘मामा’ म्हणजे आई. मुंबईत हवालदाराला मामा म्हणण्याची सवय असलेल्यांनी नैरोबीच्या चौकात जीभ आवरावी. वडीलधाऱ्या पुरुषाला ‘म्झे’ म्हणावे आणि प्रौढ स्त्रीला ‘मामा’. टांझानियात मोठ्यांना भेटल्यावर ‘शिकामू’ म्हणण्याची रीत आहे. ‘मी आपले पाय धरतो’ असा त्याचा मूळ अर्थ सांगतात, आणि त्यावर समोरची व्यक्ती ‘मरहबा’ असे उत्तर देते. चार दिवसांच्या पाहुण्याने हा एक शब्द योग्य जागी वापरला तर आजीबाईंचा चेहरा कसा उजळतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

यजमानांची गोष्ट थोडी व्याकरणाची आहे. एक भारतीय तो ‘म्हिंदी’, अनेक भारतीय ते ‘वाहिंदी’. माणसांच्या अनेकवचनाला आधी ‘वा’ लागतो. यजमानांनी त्याजागी ‘मा’ लावला, आणि ‘महिंदी’ म्हणजे मका. आम्ही मका आहोत, असे सांगणारे कुटुंब पाहायला स्वयंपाकी बाहेर येणारच.

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत अंबोसेलीला आमच्या गाडीसमोर एक हत्तीण आली आणि तिने दोन्ही कान सुपासारखे पसरले. देवळातला हत्ती कान हलवतो तसे वाटून माझा दहा वर्षांचा मुलगा टाळ्या वाजवू लागला. चालक मात्र दबक्या आवाजात ‘पोले, पोले’ म्हणत गाडी मागे घेऊ लागला. सासूबाईंना वाटले, तो पोळी मागतो आहे. त्यांनी पिशवीतून डबा काढून उघडायला सुरुवात केली, तेव्हा तो प्रथमच आमच्यावर ओरडला. धोका खरोखर इतका होता का?
– एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : सासूबाईंना माझा नमस्कार कळवावा, हत्तीसमोर उभ्या असलेल्या उपाशी चालकाची काळजी वाटणे सोपे नाही. ‘पोले पोले’ म्हणजे हळूहळू, सावकाश. (एकदाच ‘पोले’ म्हटले तर ‘वाईट वाटले’ असा अर्थ होतो, ठेच लागलेल्या अनोळखी माणसालाही तिथे लोक आवर्जून ‘पोले’ म्हणतात.) चालक बहुधा आपल्या पायाला, हत्तिणीला आणि तुम्हा सर्वांना एकाच वेळी ते सांगत होता.

शब्दासारखीच कानांचीही गल्लत झाली. उन्हात उभा असलेला हत्ती संथपणे कान हलवतो, तेव्हा तो स्वतःला वारा घालत असतो; कानांतल्या रक्तवाहिन्यांतून शरीराची उष्णता बाहेर पडते. परंतु डोके उंच करून, कान ताठ पसरून तो थेट तुमच्याकडे तोंड करून उभा राहिला, तर तो स्वतःला मोठे करून दाखवत असतो, आणि त्याचा साधा अर्थ ‘मागे व्हा’ असा असतो. पुष्कळदा यापुढची धाव लुटुपुटीची असते आणि हत्ती काही पावलांवर थांबतो. कान मागे चिकटलेले आणि सोंड आत वळवलेली असेल, तर मात्र लुटुपुटीचा विचार मनातून काढून टाकावा. अशा वेळी गाडी हळू मागे घेणे हेच शहाणपणाचे होते. डबा उघडल्यावर जो वास सुटतो, त्याला सोंड किती दुरून दाद देते हे सांगायला नको, म्हणून चालकाचे ओरडणे पोटात घालावे.

अंबोसेलीच्या हत्तींची एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथे संशोधकांनी माणसांचे ध्वनिमुद्रित आवाज हत्तींना ऐकवले; वाक्य एकच होते, तिकडे पाहा, हत्तींचा कळप येतो आहे, एवढेच. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले की मसाई या पशुपालक जमातीतील पुरुषाचा आवाज ऐकताच हत्ती एकमेकांना चिकटून उभे राहत आणि काढता पाय घेत, तर कांबा भाषा बोलणाऱ्या पुरुषांच्या आवाजाने ते तितके बिचकत नसत. मसाई स्त्रियांच्या आणि मुलांच्या आवाजानेही नाही. चराई आणि पाण्यावरून होणाऱ्या संघर्षात हत्तींवर भाले चालतात ते प्रामुख्याने मसाई पुरुषांचे, हे त्यांना ठाऊक आहे. आपण मराठी माणसे दोन स्वाहिली शब्दांत गोंधळतो आणि तिथले हत्ती दोन भाषा वेगळ्या ओळखतात. मराठीची परीक्षा त्यांच्यावर कोणी घेतल्याचे ऐकिवात नाही, तेव्हा त्यांच्यासमोर टाळ्यांसह सर्वच आवाज बंद ठेवावेत हे बरे.

प्रश्न : सेरेंगेटीत चालक झाडाकडे बोट दाखवून ‘चुई, चुई’ असे कुजबुजला. आम्ही पाचही जणी दुर्बिणीतून चिऊ शोधत राहिलो आणि फांदीवरचा बिबट्या उतरून गवतात शिरला. घरी मात्र ‘आफ्रिकेत वाघ पाहिला’ असेच सांगितले. हे चालेल का?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : चालणार नाही. ‘चुई’ म्हणजे बिबट्या, तोच प्राणी, जो आपल्या शेजारच्या राष्ट्रीय उद्यानात राहतो आणि ज्यासाठी विमानाचे तिकीट लागत नाही. मराठीत ‘बिबळ्या वाघ’ म्हणण्याची जुनी पद्धत आहे हे खरे, पण पट्टेवाला वाघ आफ्रिकेच्या जंगलांत नाही, आणि नातेवाइकांमध्ये एखादा जाणकार निघालाच तर पंचाईत होईल. चित्त्याला ‘डुमा’ म्हणतात. त्याच्या अंगावर भरीव ठिपके आणि डोळ्यांपासून तोंडापर्यंत काळी रेघ असते, तर बिबट्याचे ठिपके फुलांसारखे पोकळ असतात. गंमत अशी की चित्ता डरकाळी फोडत नाही. पिल्लांना बोलावताना तो चक्क पाखरासारखा चिवचिवतो. तुमची चिऊ शोधायची हौस त्याच्या बाबतीत वाया गेली नसती.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. प्राणी पाहायला आतुर आहोत हे सांगण्यासाठी माझ्या भावाने चालकाला उत्साहाने ‘तुनाताका न्यामा’ असे म्हटले, आणि रात्री ताटात भाजलेल्या बोकडाचे मोठमोठे तुकडे आले. असे का व्हावे?
– एक वाचक, दादर

उत्तर : प्राणी म्हणजे ‘म्न्यामा’, अनेक असतील तर ‘वान्यामा’. नुसते ‘न्यामा’ म्हणजे मांस. ‘आम्हाला मांस हवे आहे’ असे भावाने निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आणि यजमानांनी त्याचा मान राखला. ‘हातुली न्यामा’, म्हणजे आम्ही मांस खात नाही, हे वाक्य पाठ करावे. मात्र तेवढ्यावर थांबू नये, कारण कोंबडी आणि मासे हे ‘न्यामा’त मोडत नाहीत असे मानणारे स्वयंपाकी पुष्कळ आहेत, म्हणून ‘वाला कुकू, वाला समाकी’ अशी पुस्ती जोडावी. मग ताटात भाजी येईल आणि सोबत ‘उगाली’, मक्याच्या पिठाचा घट्ट, पांढरा गोळा. हा मका म्हणजेच गिरगावच्या यजमानांची ‘महिंदी’.