शेताच्या बांधाला सापडलेलं हे दगडी चाक कशाचं असावं?

चुन्याच्या घाणीचं, म्हणजे बांधकामाचा चुना मळायच्या घाण्याचं. जातं नाही, आणि तोफेच्या गाड्याचं चाक तर मुळीच नाही.

तुम्ही फोटोंसोबत दिलेली माहिती अशी: सातारा जिल्ह्यात आजोळच्या शेताच्या बांधाला अर्धवट गाडलेलं काळ्या दगडाचं चाक, व्यास साडेतीन फूट, जाडी फूटभर, मधोमध आरपार गोल भोक. गावात त्याला ‘भीमाचं जातं’ म्हणतात, मामा तोफेचं म्हणतात, आणि मित्राला ते काँक्रीटचं वाटतंय.

मित्राचं आधी निकालात काढू. काँक्रीट जिथे फुटतं तिथे आत खडी दिसते, वेगवेगळ्या आकाराची. तुमच्या फोटोत टवका उडालाय तिथे आतही एकसारखा काळा दगड आहे आणि अधूनमधून तांदळाएवढे पांढरे ठिपके. आपल्या बेसॉल्टमध्ये असे ठिपके नेहमीचेच. शिवाय बाजूवर टाकीचे घाव स्पष्ट आहेत. मामांचं म्हणाल तर हिशेब करा: एवढ्या मापाचा बेसॉल्ट पाऊण टनाच्या घरात जातो. अशी दोन चाकं लावली तर बैल तोफ ओढणार की चाकं?

जात्याचा प्रश्न मात्र रास्त आहे, आणि मीही पूर्वी फसलोय. ओळखायचं ते झिजेवरून. जातं आडवं फिरतं, त्यामुळे त्याची तळी झिजते आणि त्यावर टाकी लावल्याच्या खुणा असतात. हे चाक उभं फिरायचं. तुमच्या तिसऱ्या फोटोत धाव (म्हणजे कड) गुळगुळीत झालीय, पण दोन्ही सपाट बाजू अजून खडबडीत आहेत, फक्त कडेजवळ चार बोटं रुंदीचा पट्टा घासलेला आहे. चाक ज्या चरात फिरायचं त्याच्या भिंतींना घासून तो झालाय. मधलं भोकही आतून गुळगुळीत आहे, कारण त्यातून लाकडी दांडा गेलेला असायचा आणि चाक त्याभोवती फिरायचं.

घाणी म्हणजे जमिनीत दगडांनी बांधून काढलेला गोल चर. मध्यभागी खुंटा, खुंट्याला आडवा दांडा, दांड्यात हे चाक, आणि दांड्याच्या बाहेरच्या टोकाला बैल किंवा रेडा. चरात विझवलेला चुना आणि वाळू टाकायची, कुठे विटांची भुकटी, वरून बेताचं पाणी, आणि जनावर फिरवत राहायचं. रुंद चाक अरुंद वर्तुळात फिरतं तेव्हा त्याच्या बाहेरच्या कडेला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्या कडेला कमी. त्यामुळे ते नुसतं गडगडत नाही, थोडं रगडतही जातं. सगळी करामत त्या रगडण्यात आहे.

हे मला पुस्तकातून नाही, पस्तावून कळलंय. एका जुन्या वाड्याच्या दुरुस्तीवर मी चार महिने होतो. वेळ वाचवायला आम्ही चुना काँक्रीटच्या मिक्सरमध्ये फिरवला. पंधरा दिवसांत गिलाव्याला फोड आले. भट्टीतून आलेल्या चुन्यात काही खडे नीट विझलेले नसतात. ते भिंतीत गेल्यावर ओल धरून फुगतात आणि वरचा थर उडवतात. मिक्सर त्यांना नुसतं घोळवतो, घाणी चिरडते. मग गिलावा खरवडला आणि मुकाट्याने घाणी बांधली. आमचे म्हातारे गवंडी थापीवर चुना घेऊन थापी उलटी करायचे. खाली पडला की म्हणायचे, ‘अजून फिरवा.’ गूळ, बेलफळ, हिरडा घालायचे तेही ते आणि प्रमाण सांगायचे नाहीत, तो विषय वेगळा.

पाहायचीच असेल तर लोहगडावर चुन्याचा घाणा आहे, पुण्याहून एका दिवसात जाऊन येता येतं. पण घाणी फक्त किल्ल्यावरच असते असं नाही. तयार केलेला ओला चुना लांब वाहून नेण्यापेक्षा बांधकामाशेजारीच घाणी घालणं सोपं पडतं. देऊळ, वाडा, घाट, विहीर, जे काही बांधायचं त्याच्याजवळ. काम संपलं की पाऊण टनाचं चाक परत कोण नेणार? ते तिथेच राहतं आणि दोन पिढ्यांनी भीमाच्या नावावर जातं. तेव्हा तुमच्या बांधापासून हाकेच्या अंतरावर जुनं चुनेगच्ची बांधकाम किंवा त्याचा पाया आहे का, ते शोधा.

काळ मात्र चाकावरून सांगता येत नाही. सिमेंट सगळीकडे पोचेपर्यंत अशा घाण्या चालू होत्या, त्यामुळे ‘शिवकालीन’ अशी पाटी लावायची घाई नको.

आता खरी गंमत. तुमच्या दुसऱ्या फोटोत, बांधातच, चाकाच्या डावीकडे तीन लांबट दगड रचलेले दिसतात. त्यांची एक बाजू किंचित वळणाची आहे. माझ्या मते ते चराचे दगड आहेत, कुणीतरी उपसून बांधाला लावलेले. खात्री करता येईल: एका दगडाच्या वळणाच्या आतल्या बाजूला, या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी ताणा आणि मधोमध सुतळीपासून दगडापर्यंत किती अंतर पडतं ते मोजा. दगड तीन फूट लांब आणि अंतर दीड इंच निघालं, तर वर्तुळाची त्रिज्या नऊ फुटांच्या आसपास येते, म्हणजे घाणीला साजेशी. तिन्ही दगडांचं उत्तर जवळपास सारखं आलं तर शंकेला फारशी जागा नाही.

एक सावधगिरी. कुणी तुम्हाला सांगेल की मातीवर लिंबू पिळा, फेस आला की चुना. काळ्या रानात चुनखडीचे खडे मुळातच असतात आणि त्यांनाही फेस येतो, तेव्हा त्यावर जाऊ नका.

चाक हलवू नका, निदान फोटो आणि मापं नोंदवल्याशिवाय तरी. आणि मामांना एक विचारा: त्या बांधालगत ऊस लावला तर एखाद्या गोल पट्ट्यातच दरवर्षी केवडा पडतो का? चुना मुरलेल्या जमिनीत पिकाला लोह मिळत नाही आणि पानं पिवळी-पांढरी होतात, तोच केवडा. मामा ‘हो’ म्हणाले तर चर कुठे होता हे उकरायच्या आधीच कळेल.