घड्याळ वेळ ‘ठेवतं’ का?

एका अनुवादात ‘हिज वॉच कीप्स गुड टाइम’ हे वाक्य आलं. ‘त्याचं घड्याळ चांगली वेळ ठेवतं’ असं चालेल का, असा प्रश्न होता.

नाही चालणार. ‘वेळ ठेवणं’ मराठीत आहे, पण ते मुहूर्ताचं, भेटीचं: ‘साखरपुड्याला सकाळची वेळ ठेवलीय.’ घड्याळाबद्दल आपण ‘बिनचूक चालतं’ म्हणतो. ‘बरोबर वेळ दाखवतं’ हे जवळचं वाटलं तरी थोडं कमी पडतं, कारण दाखवणं या क्षणापुरतं असतं. ‘कीप’मध्ये टिकवून धरणं आहे. एकदा लावलेलं घड्याळ पुढचे कित्येक दिवस मागेपुढे होत नाही, हा त्यातला खरा अर्थ.

याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण इंग्रज घड्याळजी जॉन हॅरिसनच्या ‘एच-४’ या घड्याळाचं. 1761 साली ते इंग्लंडहून जमैकाला जाणाऱ्या जहाजावर चढवलं. भर समुद्रात रेखांश काढायचा, तर मागे सोडलेल्या बंदरात किती वाजले हे कळायला हवं. चार मिनिटांची चूक म्हणजे एक अंशाचा फरक. दोन महिन्यांहून अधिक काळ, हेलकावे आणि बदलती हवा सोसत, त्या घड्याळाने बंदराची वेळ अक्षरशः सांभाळून नेली. जमैकाला पोचल्यावर हिशेबात जेमतेम पाच सेकंदांचा फरक निघाला.

आमच्या घरी आजोबांचं किल्लीचं घड्याळ होतं. रोज सकाळी किल्ली द्यायची, आकाशवाणीच्या बातम्यांआधीच्या ‘टूं टूं’वर काटा जुळवायचा. ‘आज दोन मिनिटं मागे पडलं,’ असं आजोबा म्हणायचे. ‘मागे पडतं’, ‘पुढे जातं’ हे आपले शब्द इतके नेमके आहेत की अनुवादकाने खुशाल उलटं वाक्य करावं: ‘त्याचं घड्याळ मिनिटभरही मागेपुढे होत नाही.’

माणूस वेळ ‘पाळतो’, पण हा अर्थ ‘कीप टाइम’ला सहसा नसतो. माणसाच्या बाबतीत तो वाक्प्रयोग बहुतेक संगीतातला निघतो, तेव्हा आधी संदर्भ पाहा. वादकाने ‘कीप टाइम’ केलं तर त्याने लय राखली. श्रोत्याने पायाने केलं तर ठेका धरला. आगगाडीसाठी साधं ‘वेळेवर धावते’ पुरे.

कारखान्यातला ‘टाइमकीपर’ मात्र कामगारांच्या हजेरीची आणि तासांची नोंद ठेवणारा. तिथे ‘ठेवणं’ अगदी चपखल बसतं.